आधी २० चा फ्यूज काढा: कॅम्परच्या रनिंग लाइटबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

बाकी सगळं नंतर बोलू. गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये ट्रेलरच्या रनिंग लाइटसाठी १० अँपिअरच्या जागी जो २० चा फ्यूज बसवून मिळाला आहे, तो आजच काढा. तो आत असेपर्यंत कॅम्परचा (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचा) प्लग गाडीला जोडून दिवे लावू नका. का, ते खाली लिहिलं आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात: कॅम्परचे रनिंग लाइट, म्हणजे मागचे टेल लाइट आणि बाजूचे व छतावरचे मार्कर, मंद लागत होते आणि इंडिकेटर दिला की तेही सोबत लुकलुकत होते. आम्ही अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, खराब असल्याचं सांगून काम केलं, बिल लावलं. पुढच्याच पावसात सगळे रनिंग लाइट एकदम गेले. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर मात्र चालू. दुसऱ्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत १० च्या जागी २० चा फ्यूज बसवून दिवे लागले. तिथे तुम्हाला असंही सांगण्यात आलं की आमचं अर्थचं काम बिनकामाचं होतं, तपकिरी वायर आम्ही चुकीच्या जागी जोडली आहे आणि आम्ही सुचवलेले एलईडी म्हणजे निव्वळ विक्रीची युक्ती.

चूक आमची आहे, आणि ती नेमकी कुठे झाली ते सांगतो. काम संपल्यावर आम्ही दिवे तपासले ते आमच्या टेबलावरच्या बॅटरीवर. कॅम्पर शेडमध्ये कोरडा उभा होता, हलला नाही, भिजला नाही. तुमची गाडी जोडली नव्हती, त्यामुळे गाडीतला फ्यूज, तिथून मागच्या सॉकेटपर्यंतची वायर आणि सॉकेटच्या पिना यांतलं काहीच तपासलं गेलं नाही. जॉब कार्डवर फक्त ‘सर्व दिवे चालू’ एवढंच लिहिलं आहे. दिवे किती करंट घेतात याची नोंद नाही. उभ्या ट्रेलरवर दिवा लागणं ही अर्धीच परीक्षा. तेवढ्यावर आम्ही काम बंद केलं, हे चुकलं.

अर्थचं काम मात्र बिनकामाचं नव्हतं. इंडिकेटरबरोबर टेल लाइट लुकलुकतो तेव्हा करंटला परतीची वाट सापडत नसते, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून घुसून वाट काढतो. तुमच्या कॅम्परवर रनिंग लाइट चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून टेल लाइटच्या अर्थपर्यंत मोजलं तेव्हा मीटरवर २.२ व्होल्ट आले. तिथे ०.१, फार तर ०.२ यायला हवेत. पांढऱ्या, म्हणजे अर्थच्या, वायरचा लग (टोकाची धातूची कडी) पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर रंगाच्या थरावरच आवळलेला होता, आणि वायर सोलली तर आतलं तांबं जवळजवळ बोटभर लांब काळं पडलेलं. ती वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली, नवा लग दाबून पक्का (क्रिंप) केला, फ्रेम घासून दातेरी वॉशर घातला आणि मागच्या दिव्यांना २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थ वायर दिली. त्यानंतर मीटरवर ०.१ आले. हे काम राहिलं असतं तर दिवे आजही मंदच असते.

आता फ्यूजकडे. तुमच्या कॅम्परवर ५ वॉटचे १२ बल्ब आहेत. एकूण ६० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर ५ अँपिअर. १० च्या फ्यूजला हा निम्मा भार. म्हणजे फ्यूज लहान होता म्हणून उडाला, हे पटत नाही. तो शॉर्टने उडाला. मग आमच्या कामाआधी का उडत नव्हता? आमचा अंदाज सांगतो. दिवे मंद असताना करंट साधारण साडेचार अँपिअर धरला, तर २.२ व्होल्टच्या हिशेबाने अर्थचा रोध अर्धा ओहम निघतो. वायर कुठेतरी फ्रेमला टेकली तरी या अर्ध्या ओहममुळे करंट २४ अँपिअरच्या वर जाऊ शकत नव्हता. २४ अँपिअरला १० चा फ्यूज लगेच वितळत नाही, थोडा वेळ घेतो. आणि खड्ड्यात गाडी आदळल्यावर वायर जेमतेम क्षणभर टेकते. अर्थ सुधारल्यावर तीच टेकलेली वायर दुपटीहून जास्त करंट ओढते आणि फ्यूज तिथल्या तिथे जातो. थोडक्यात, खराब अर्थने आतला शॉर्ट झाकून ठेवला होता. अर्थ नीट केल्यावर तो शोधायला हवा होता, तो आम्ही शोधला नाही.

फ्यूज असतो तो वायर वाचवायला. बल्ब वाचवणं हे त्याचं कामच नाही. गाडी बनवणाऱ्याने फ्यूजचा आकडा वायरची जाडी बघून ठरवलेला असतो. २० चा घातला की शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर तापते, आणि कॅम्परमध्ये ती वायर प्लायवूड आणि फोमच्या भिंतीतून जाते. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जो आकडा छापला आहे तोच घाला, आणि त्याच आकड्याचे दोन-चार जादा जवळ ठेवा. पुष्कळ गाड्यांत ट्रेलरच्या रनिंग लाइटचा फ्यूज, कधी रिलेही, गाडीच्या स्वतःच्या टेल लाइटपासून वेगळा असतो. म्हणून गाडीचे दिवे लागतात आणि ट्रेलरचे लागत नाहीत. दुसऱ्या गॅरेजने ही जागा बरोबर ओळखली, त्याचं श्रेय त्यांना. फक्त पुढे जाऊन कारण शोधायला हवं होतं.

तपकिरी वायरचं म्हणाल तर ती बरोबर जागी आहे. साध्या चार-पिनी ट्रेलर वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे रनिंग लाइट आणि हिरवी म्हणजे उजवा इंडिकेटर. कॅम्परच्या सात-पिनी वायरिंगमध्ये एक चांगली रुळलेली रीत याच्या उलट आहे: हिरवी रनिंगला, तपकिरी उजव्या इंडिकेटर-ब्रेकला. तुमचा कॅम्पर दुसऱ्या प्रकारचा आहे. रंग बघून वायर हलवली तर उजवा इंडिकेटर दिल्यावर अख्खं छत लुकलुकायला लागेल. कुठल्या वायरला काय काम आहे, हे टेस्ट लॅम्प लावूनच ठरवायचं.

एलईडीबद्दल: त्याने शॉर्ट जात नाही, तेव्हा या दुरुस्तीत त्याची गरज नव्हती. करंट कमी होतो एवढाच फायदा, आणि त्यामुळे खराब अर्थ उलट लपतोच.

आता शोध. कॅम्पर आमच्याकडे आणायचा नसेल तर घरीही करता येईल, किंवा ज्यांच्याकडे न्याल त्यांच्यापुढे हे ठेवा.

प्रथम कॅम्परचा प्लग काढून गाडीचे पार्किंग लाइट लावा. मागच्या सॉकेटमध्ये रनिंगची पिन आणि अर्थची पिन यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब धरा. तो पूर्ण तेजाने लागला पाहिजे. इथे नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. तुटत आलेल्या वायरचा एक धागा शिल्लक असला तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, आणि भार पडला की तो धागा हार मानतो. बल्ब नीट लागला आणि फ्यूज टिकला तर गाडीची बाजू साफ. गाडीत ट्रेलरसाठी वेगळं कन्व्हर्टर मॉड्यूल (गाडीचे सिग्नल ट्रेलरच्या वायरिंगला जुळवून देणारी डबी) असेल तर बल्बने तपासण्यापूर्वी त्यावर लिहिलेली करंटची मर्यादा वाचून घ्या.

मग कॅम्परची बाजू. गाडी लांब ठेवा. १२ व्होल्टची बॅटरी घ्या, तिचा निगेटिव्ह प्लगच्या अर्थ पिनला द्या, आणि पॉझिटिव्हपासून रनिंगच्या पिनेपर्यंत मध्ये ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब घाला. हाच बल्ब आता फ्यूजचं काम करतो: शॉर्ट झाला तरी करंट पाच अँपिअरच्या आत राहतो, काही जळत नाही. त्याआधी कॅम्परवरचे बाराही बल्ब होल्डरमधून काढून ठेवा. ही पायरी बरेचजण गाळतात, आणि मग हेडलाइटचा बल्ब मार्करच्या भारानेच लागतो आणि शॉर्ट असल्याचा भास होतो. सगळे बल्ब काढल्यावर हेडलाइट बल्ब अजिबात लागता कामा नये. लागला तर शॉर्ट आत्ता, या क्षणी आहे. लागला नाही तर एकाला बल्बकडे बघत बसवा आणि दुसऱ्याने वायरिंग हलवत पुढून मागे जायचं.

कुठे हलवायचं? पुढच्या फ्रेममध्ये वायर ज्या भोकातून शिरते तिथे आधी. भोकाच्या कडेचा रबरी ग्रोमेट निखळलेला असेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. मग ॲक्सलच्या वर, जिथे वायर सस्पेन्शनबरोबर घासते. मग जमिनीच्या प्लायवूडमधून खाली आलेले स्क्रू, आणि नंतर बसवलेल्या ऑनिंगच्या (बाहेर ओढायच्या कापडी छपराच्या) पट्टीचे स्क्रू. बल्ब एकदा जरी चमकला तरी तिथेच थांबा. चमकला आणि जागा कळेना, तर पुढच्या जंक्शन बॉक्समध्ये छताची, बाजूंची आणि मागची फांदी एकेक करून सोडवा. जी सोडल्यावर बल्ब विझतो, दोष तिच्यातच.

तुमचे दिवे पावसात गेले, म्हणून आमचा पहिला संशय छतावरच्या मार्करवर आहे. काच काढून बघा: आत पाण्याची तपकिरी रेघ, होल्डरच्या पितळेवर हिरवी भुकटी, आणि पुष्कळदा पॉझिटिव्ह वायर दिव्याच्या बैठकीखाली दबून स्क्रूच्या टोकाशी चिकटलेली. बैठकीखालचं सीलंट सुटलं की पाणी भिंतीत उतरतं. पाइपने पाणी मारून तपासायचं तर खालून सुरुवात करा, एकेका दिव्यावर दोन-तीन मिनिटं, मग वरचा दिवा. वरून मारलं तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि दोष कुठला ते कळत नाही. पाण्याने होणारी गळती कधी इतकी बारीक असते की ५५ वॉटचा बल्ब नुसता लालसर होतो; तेही धरा.

दोष सापडल्यावर नुसती टेप गुंडाळू नका. खराब तुकडा कापून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह असलेला जोड वापरा, भोकात नवा ग्रोमेट घाला, दिव्याच्या बैठकीखालचं जुनं सीलंट खरवडून ब्यूटिल टेप लावा. वायर टोचून जोडणारे निळे-लाल क्लिप कनेक्टर कुठे दिसले तर तेही काढून टाका. त्यांतून पाणी थेट तांब्यापर्यंत जातं.

आमच्याकडे आणायचं ठरवलंत तर हा शोध आणि आमच्या कामात राहिलेली दुरुस्ती यांचं बिल लागणार नाही. छतावरचा दिवा नवा लागला तर त्याची किंमत तुम्हाला आधी विचारून. दोन अटी. कॅम्परबरोबर ओढणारी गाडीही आणा, आणि एक पूर्ण दिवस द्या, कारण पाणी मारून वाट बघावी लागते. देताना जॉब कार्डवर तीन आकडे लिहून मिळतील: रनिंग लाइटचा करंट, अर्थवरचा व्होल्टेज ड्रॉप, आणि तुमच्याच गाडीतल्या फ्यूजचा आकडा. त्यानंतर गाडीला जोडून खडबडीत रस्त्यावर एक फेरी, तुम्ही सोबत असताना.

उडालेला १० चा फ्यूज फेकला नसेल तर तोही आणा. आतली पट्टी मधेच शांतपणे वितळलेली असेल तर भार हळूहळू वाढला होता. प्लास्टिकच्या आत काळे डाग किंवा धातूचे शिंतोडे उडालेले असतील तर वायर सरळ फ्रेमला टेकली होती. पाणी आधी मारायचं की फ्रेमखाली आधी शिरायचं, ते त्यावरून ठरवू.

वर्कशॉपच्या वतीने