"पेशंट हाकलून दिला" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की बहिणीला आठवा लागता लागताच कळा सुरू झाल्या, मॅडमनी ठेवून घेतलं नाही, कमिशनसाठी रातोरात अंबाजोगाईला पाठवलं आणि बाहेर बोर्ड मात्र '24 तास प्रसूती'चा. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते, बाकीचं केसपेपरात राहू द्या.

कमिशनचं आधी. अंबाजोगाईचं स्वाराती, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, सरकारी आहे. तिथं बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा उपचार मोफत, 108 गाडीही मोफत. त्यात कमिशन कोण देतं, मलाही सांगा.

आमच्याकडं नॉर्मल होते, सिझर होतं. बाळासाठी वॉर्मर आहे, रडलं नाही तर श्वास द्यायला अंबू बॅग आहे. पुऱ्या दिवसांच्या बाळाला बहुतेक वेळा एवढं पुरतं. 32 आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. त्याला सीपॅप, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र, लागू शकतं, फुप्फुसात सोडायचं औषध लागू शकतं, रात्रभर उशाशी थांबणारी बालरोगाची माणसं लागतात. ती माझ्याकडं नाहीत. बोर्ड प्रसूतीचा आहे, एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा, नाही.

"मॅडम, इथंच मोकळी करा, बाळाला मागनं नेऊ," असं बरेच नातेवाईक म्हणतात. नेमकं तेच टाळायचं असतं. दीड किलोचं बाळ रस्त्यात गार पडतं, श्वास घ्यायचा थांबतं. आईच्या पोटासारखी ॲम्ब्युलन्स अजून कुणी काढलेली नाही.

आणि हाकलत कुणालाच नाही. पिशवीचं तोंड किती उघडलंय ते तपासून, वाटेत प्रसूती होणार नाही असं वाटलं तरच गाडी बोलावतो. डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन इथंच देतो. 6 मिलिग्रॅमचे असे 4 डोस दर 12 तासांनी लागतात, त्यानं कच्च्या फुप्फुसांना आधार मिळतो. म्हणून दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहितो आणि तिकडं फोन करून ठेवतो. उद्या अशी दुसरी कुणी आली तरी हेच करणार, मग स्टार किती का मिळेनात.

आता भांडण बाजूला ठेवून एक काम सांगते. बाळ 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोच्या खाली जन्मलं असेल, तर त्याच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावा लागतो. बाळ दूध पितंय, टकामका बघतंय म्हणून लोक ही तपासणी हमखास चुकवतात. डिस्चार्ज कार्डावर तारीख आहे का ते आजच बघा. नसेल तर कार्ड घेऊन ओपीडीत या, केसपेपर काढायची गरज नाही.