नवरा नीट खातो हो!

नवऱ्याला व्यसन असावं तर निदान असं असावं की चार लोकांत सांगितल्यावर सहानुभूती तरी मिळेल. आमचा हा दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, फक्त "नीट" खातो. आणि मी तक्रार केली की समोरची म्हणते, अगं किती नशीबवान आहेस!

सुरुवात साधीच होती. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल जरा काठावर आलं, डॉक्टर म्हणाले तळलेलं कमी करा आणि रोज चाला. चालणं राहिलं बाजूला. तळलेलं गेलं, मग साखर गेली, मग मैदा, मग दूध, मग फळांवरही संशय कारण त्यात पण साखर असतेच ना, एकेक पदार्थ घरातून असा हद्दपार होत होता की माझा नंबर कधीही लागेल असं मला वाटायला लागलं.

याच्यासोबत सामान आणायला जाणं तर नकोच. बिस्किटांचा पुडा हातात घेतला की आधी उलटा, चष्मा कपाळावर, पुडा नाकाला टेकलेला. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात हे मी आता झोपेतही सांगेन, आणि साखर डेक्स्ट्रोज, माल्टोज, कॉर्न सिरप अशा वेगवेगळ्या नावांनी विभागून टाकली की यादीत पहिली दिसत नाही हेसुद्धा. खरंय ते सगळं. तोच तर प्रॉब्लेम आहे, माणूस बरोबर बोलत असला की धड भांडताही येत नाही. परवा एका अनोळखी काकूंच्या ट्रॉलीत डोकावून म्हणाला, "यात पाम तेल आहे बरं का." काकूंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं!

मधे गाजराच्या रसाचं पर्व होतं. सकाळ संध्याकाळ भलेमोठे ग्लास. एकदा सहज त्याचे तळहात दिसले तर पिवळेधमक. माझ्या पोटात गोळा, कावीळच झाली म्हणून धावत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, म्हणाले कावीळ असती तर डोळे पिवळे झाले असते, हे गाजरातलं बीटा कॅरोटीन कातडीत साठलंय, रस कमी करा, रंग उतरेल हळूहळू. बाहेर आल्यावर हा पठ्ठ्या काय म्हणाला असेल? "बघ, म्हणजे अंगी लागतंय."

कुणाकडे जेवायला जायचं तर हा स्वतःचा डबा नेतो. तिथल्या बाईचा चेहरा उतरतो, मग तिचं मन राखायला याच्या वाटचं पण मीच खाते. याचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकतंय आणि माझे ड्रेस उसवायला झालेत.

शेवटी एका रात्री मी नेटवर शोधलं, तर याला चक्क नाव आहे, ऑर्थोरेक्सिया. 1997 मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दिलेलं, आणि तो स्वतःच यातून गेलेला. एका कम्यूनमध्ये राहायचा, तोडून 15 मिनिटांच्या वर झालेली भाजी खायचा नाही, प्रत्येक घास 50 वेळा चावायचा. डीएसएम-5 म्हणजे डॉक्टर वापरतात ती मानसिक आजारांची यादी, तिच्यात याला वेगळी जागा नाही म्हणे, पण लक्षणं वाचताना वाटलं कुणीतरी आमच्या फ्रीजमागे लपून टिपून घेतलीत. सतत खाण्याचाच विचार, नियम मोडला की अपराधी वाटणं, एकेक गोष्ट बाद करत जाणं, लोकांत जेवणं टाळणं, आणि एवढं करून पोषण कमीच पडणं.

मी सगळं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "50 वेळा?"

तेव्हापासून जेवताना काही विचारायची सोय नाही, हाताने थांब म्हणून खूण करतो, आत मोजणी चालू असते. काल म्हटलं, शुक्रवारी आहारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतलीय, येतोयस ना? चाळिशीपर्यंत पोचला असावा बिचारा. "हो" म्हणताना आकडा चुकला, माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं आणि परत एकपासून.