भट्टीत साय धरली, च्यायला!

आमच्या फाउंड्रीत सकाळी 11 ला हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा घाणा, ओतायला तयार. लॅडल (ओतायचं भांडं) तापवलेली, मोल्डची म्हणजे साच्यांची रांग लागलेली, भट्टी सांभाळणाऱ्या मेल्टरनं नुसता हात वर केला आणि गेली लाइट. चाळीस मिनिटं! जनरेटरवर भट्टीच्या विजेच्या कॉइलला गार ठेवणारं पाणी तेवढं चालू ठेवलं, नाहीतर कॉइलच गेली असती. 500 किलो लोखंडावर दुधावर धरावी तशी साय धरली. आमचा मेल्टर एरवी दहा शब्दांत सात शिव्या देतो. आज गप्प उभा. ते जास्त लागलं.

सबस्टेशनला फोन लावला. "ट्रिपिंग झालंय साहेब, लाइन आपोआप बंद पडलीय." अरे, ते मला दिसतंय की! कशानं झालं, कधी येणार, काही नाही. फोन ठेवला पण. बिल मात्र कधी ट्रिप होत नाही. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर वीज शुल्क. एवढे आकार घेऊन धंद्याचा आकार पार बिघडवून टाकलाय.

आणि दुपारी पुण्याहून गिऱ्हाईक कंपनीच्या परचेसवाल्याचा फोन: "बेळगावच्या फाउंड्रीचा रेट किलोला रुपया कमी आहे, बघा काय जमतंय." काय बघू? स्क्रॅप तेच, वाळू तीच, फरक विजेचा. टनभर लोखंड वितळवायला 600 च्या आसपास युनिट जातात. युनिटमागे रुपया जास्त पडला की किलोला 60 पैसे तिथंच गेले. आमच्यात 60 पैशांवर ऑर्डर जाते, राव! वर मेक इन इंडियाची भाषणं ऐका.

2012 अखेर महाराष्ट्र भारनियमनमुक्त होणार होता, आठवतंय? बरोबरच आहे, आता भारनियमन नाही, ट्रिपिंग आहे. रात्री वीज स्वस्त म्हणून वडिलांच्या काळापासून आम्ही रात्रपाळ्या लावल्या, अख्खी हयात उलटी जगलो. 2025 च्या नव्या दरांत सवलत गेली दिवसा, उन्हाच्या वेळेला. आता परत सगळ्यांच्या झोपा बदला.

आणि ती क्रॉस सबसिडी! शेतीपंपाचा भार आमच्या डोक्यावर का म्हणून मागच्या मीटिंगमध्ये टेबल आपटून आलो. घरी आल्यावर आठवलं, गावाकडं आमचाच ऊस आहे. 5 एचपीची मोटर, बिल शून्य. म्हणजे या खिशातून काढायचं, त्या खिशात घालायचं आणि मधल्या मधे टेबल आपटून हात दुखवून घ्यायचा. (हे लिहितोय तेही केबिनचा एसी 18 वर ठेवून. बायकोला सांगू नका.)

आत्ताच दादाचा गावाकडनं फोन आला. रात्री दोनला लाइट येणार, पाणी पाजायला जायचंय, बॅटरीचे सेल घेऊन ये म्हणाला.