पेल्यातली मेणबत्ती आणि फळ्यावरचा एक पंचमांश

बशीत पाणी, पाण्यात उभी मेणबत्ती, वरून पालथा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. मग फळ्यावर वाक्य येतं: 'हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली.' कित्येक गाइडांत आणि यूट्यूबवरच्या शेकडो व्हिडिओंत हेच आहे.

पाणी चढतं हे खरं, पण त्याचं हे कारण चूक आहे. ते चूक आहे हे सहावीतलं पोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतं. फक्त पेला त्याच्या हातात हवा, बाईंच्या टेबलावर नव्हे.

'कृतीतून विज्ञान', 'हसतखेळत विज्ञान' हे शब्द आता परिपत्रकांनाही पाठ झालेत. पण साहित्य मुलांच्या हातात दिलं म्हणजे काम झालं, हे मला पटत नाही. ज्या प्रयोगाचं निरीक्षण प्रयोगाआधीच ठरलेलं असतं, तो पाठांतराचाच जरा खर्चिक प्रकार. म्हणून आधी ही मेणबत्तीच नीट करून बघू.

चार मुलांचा एक गट. खोलगट ताटात दोन सेंटिमीटर पाणी, त्यात शाईचे चार थेंब. मेणबत्ती पाच सेंटिमीटरची, तिचंच मेण टिपकवून ताटाला चिकटवलेली. पेला उभ्या सरळ भिंतीचा घ्या, निमुळता नको, नाहीतर उंची मोजून काही कळत नाही. पेल्याच्या कडेखाली दोन नाणी ठेवा. हे बहुतेकजण विसरतात, मग कड ताटाला घट्ट बसते, पाणी आत शिरतच नाही आणि 'प्रयोग फसला' असं होतं. केस मागे बांधलेले, ओढणी खोचलेली.

आता मुलांना कारण सांगू नका. एकच प्रश्न द्या: पाणी नेमकं कधी चढतं?

ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असेल तर ज्योत जळत असताना ते सावकाश, सारखं चढायला हवं. तसं होत नाही. ज्योत तेजीत असताना पाणी जवळपास जागेवर असतं. ती मंदावते, विझते आणि त्याच सुमाराला पाणी भसकन वर येतं. नीट बघणाऱ्या गटाला आणखी एक गोष्ट दिसते: पेला ठेवल्या ठेवल्या कडेखालून दोन-चार बुडबुडे बाहेर पडतात. आतली हवा कमी होऊन पाणी आत ओढलं जातंय म्हणायचं, तर मग हवा बाहेर का जातेय?

याच टप्प्यावर तोच पेला दोन मेणबत्त्यांवर ठेवा, मग तीनांवर. दर वेळी पेला पूर्ण थंड करून, पुसून. तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. पेला तोच, हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मग जास्त पाणी कशाच्या जागी आलं? या प्रश्नावर वर्गात जो गलका होतो तो थांबवू नये. शेजारच्या वर्गाची तक्रार आली तरी.

उत्तर उष्णतेत आहे. ज्योतीने आतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त, तर हवा जास्त तापते आणि जास्त बाहेर जाते.

नववी-दहावीच्या मुलांकडून गणितही करून घ्या. २५ कार्बनचा मेणाचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ तयार होतात. पाण्याची वाफ काचेवर दव होऊन बसते, ती सोडून द्या. म्हणजे ३८ गेले तिथे २५ परत आले. त्यात ज्योत सगळा ऑक्सिजन खातही नाही. हवेतलं प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर आलं की ती विझते. ५ टक्के गेला, त्यातली दोन तृतीयांश जागा कार्बन डायऑक्साइडने भरली. निव्वळ घट पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. १२ सेंटिमीटर उंच पेल्यात ही जेमतेम २ मिलिमीटर भरते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरं, पण इतक्या झटपट नाही. पट्टी लावून मोजलेलं पाणी यापेक्षा कितीतरी वर असतं.

एक पंचमांश बरोबर येतो तो योगायोगाने, पेल्याच्या आणि मेणबत्तीच्या मापावर. नाही आला तर मुलं वहीत तो 'आणतात'. मला खरा राग या 'आणण्याचा' आहे. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हे पाचही मथळे गाइडवरून आदल्या रात्री उतरवलेले असतात. दहावीला विज्ञानाच्या शंभरातले २० गुण प्रात्यक्षिकाच्या नावाने असतात आणि ते बहुतेकांना जवळजवळ पुरते मिळतात. न बघता लिहिता येतं, हे मूल तिथेच शिकतं.

मग एक पंचमांश दाखवायचाच नाही का? दाखवायचा, पण लोखंडाच्या गंजाने. गंजताना ऑक्सिजन वापरला जातो, वायू काही तयार होत नाही आणि उष्णता इतकी सावकाश निघते की तिचा उपद्रव नाही.

यासाठी बारीक स्टील वूल लागतं, फर्निचर पॉलिशवाले वापरतात ते. हार्डवेअरच्या दुकानात 'झिरो नंबर' म्हणून मागा. भांडी घासायची चकचकीत वेटोळ्यांची घासणी आणू नका. ती स्टेनलेस स्टीलची, आठवडाभर ठेवली तरी गंजत नाही. स्टील वूल नाहीच मिळालं तर लेथवरचा लोखंडाचा बारीक कीस चालतो, पण त्याला तेल असतं, साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावा लागतो.

परीक्षानळीला एक ग्रॅम पुरे. व्हिनेगरमध्ये मिनिटभर बुडवायचं म्हणजे धाग्यांवरचा संरक्षक थर निघतो. मग साध्या पाण्यात खळबळून घट्ट झटकायचं. हा टप्पा गाळला तर उरलेलं आम्ल लोखंडाशी हायड्रोजन तयार करतं आणि पाणी चढायच्या ऐवजी खाली जातं. (तसं झालंच तर ती नळी फेकू नका, तो दुसऱ्या तासाचा विषय आहे.) ओलसर वूल नळीच्या तळाशी पेन्सिलीने सारायचं, इतकं सैल की हवा खेळेल आणि इतकं दाटून की उलटं केल्यावर पडणार नाही. नळी पाण्यात पालथी उभी करायची, पाण्याच्या पातळीवर रबरबँड. शेजारी वूल नसलेली दुसरी नळी तशीच. तुलनेची ही नळी ठेवायला कंटाळा करू नये, कारण सकाळ-दुपारच्या तापमानाने पाणी किती हलतं हे तीच सांगते.

दुसऱ्या दिवशी मोजताना नळी खालीवर करून आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत आणा, मग मोजा, नाहीतर आतल्या हवेचा दाब बाहेरच्याइतका नसतो. पंधरा सेंटिमीटर हवा असेल तर तीन सेंटिमीटरच्या आसपास पाणी वर आलेलं असतं. दुसरा दिवस गेला तरी त्यापुढे फारसं चढत नाही, वूल मात्र अजून भरपूर शिल्लक दिसतं. लोखंड आहे, मग गंजणं थांबलं का? इथे मुलं स्वतःहून सांगतात की नळीतलं काहीतरी संपलं. फळ्यावरचा एक पंचमांश आता लिहावा.

विजेच्या पाठाचीही गत अशीच. सहावीच्या प्रत्येक गटाला एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि पंधरा सेंटिमीटरची एकच वायर द्या. होल्डर नाही, बटण नाही, आकृती नाही. बल्ब लावून दाखवा म्हणायचं आणि गप्प बसायचं. जोडायच्या चार वेगळ्या रीती आहेत, सगळ्या शोधायला सांगा. न लागलेल्या रचनाही वहीत काढायला लावा, कारण बल्बला जोडणीच्या दोन जागा असतात, बूड आणि बाजूची धातूची पट्टी, हे त्या फसलेल्या चित्रांतूनच कळतं. होल्डर दिला की ही गोष्ट होल्डरच्या आत लपून जाते.

इथे काय बिघडतं? बल्ब आधीच गेलेला असतो, म्हणून आदल्या दिवशी सगळे तपासा. तांब्याच्या तारेवर लाखेचा थर असतो, टोकं सँडपेपरने घासा. वायर सेलच्या दोन टोकांना थेट लागली की गरम होते, तेव्हा 'तापली तर लगेच सोडा' हे आधीच सांगावं. साधा दीड व्होल्टचा कोरडा सेलच घ्या, मोबाइलची किंवा रिचार्जेबल बॅटरी मुळीच नको, तिचं शॉर्टसर्किट भाजवतं. आणि अडीच व्होल्टचा बल्ब एका सेलवर पिवळट, मिणमिणता लागतो. उजेडी वर्गात ते दिसतच नाही, खिडक्या लावा.

हल्ली बल्ब मिळत नाहीत म्हणून एलईडी देतात. सहावीला पहिल्याच तासाला ते करू नये. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास लागतात, पांढऱ्याला तीनच्या. एका सेलवर दोन्ही लागत नाहीत. शिवाय उलटं जोडलं तर बरोबर केलेलं सर्किटही मुकं राहतं आणि मूल बरोबर असून चुकलो असं समजतं. आठवीत दोन सेल आणि १०० ओहमचा रोध घेऊन लाल एलईडी खुशाल वापरा.

लंबकाचं थोडक्यात सांगतो. एक मीटर दोरा, टोकाला लोखंडी नट, वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद. लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा. एखाद्या गटाचे ३८ येतात. सोडतानाच 'एक' म्हटलं, म्हणजे मोजली वीस पण झाली एकोणीस. सोडताना 'शून्य' म्हणायचं. कुणाचे ४२ येतात, तिथे दोरा बहुधा दहा सेंटिमीटरने लांब असतो. ३८ खोडून ४० करायला लावलं तर त्या गटाचा तास वाया गेला. ३८ का आले हे त्यांनीच शोधलं तर मोजमाप म्हणजे काय ते त्यांना समजलं.

हे काही नवं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झाला, पुढे 'एकलव्य' संस्थेने तो चालवला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. तिथे परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षा खरोखर हाताने द्यावी लागे. मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. परीक्षा जुनीच ठेवून वर्गात कितीही पेले पालथे घाला, मुलं अखेर गाइडकडेच जातात. अरविंद गुप्ता टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन १९७८ मध्ये त्याच कार्यक्रमात गेले, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांची खेळणी निघाली आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारात मुलांपर्यंत पोचली. काड्यांचा त्रिकोण दाबून बघा, मग चौकोन. पुलांवर आणि पत्र्याच्या छपराखाली त्रिकोण का असतात ते हाताला कळतं.

साहित्य महाग असतं ही सबब मी मानत नाही. अटल टिंकरिंग लॅब या केंद्र सरकारच्या शालेय प्रयोगशाळा योजनेत शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि थ्रीडी प्रिंटर प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, खोलीला कुलूप, हेही बघायला मिळतं. पण सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारणंही बरोबर नाही. फुटलेल्या चंचुपात्राची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करायची, निर्लेखनासाठी, म्हणजे ते नोंदीतून काढायला, कागद हलवायचे, वर तपासणीत उत्तर द्यायचं, यापेक्षा कपाट बंद ठेवणं कुणालाही सोपं वाटेल. म्हणून नोंदवहीत चढतच नाही असं साहित्य वापरा: जॅमच्या बाटल्या, सुया काढलेल्या नव्या सिरिंज, स्ट्रॉ, नट. एका गटाचं सगळं साहित्य चपलांच्या एका खोक्यात, खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी. खोकी वाटायला पाच मिनिटं, काम पंधरा, आवरायला पाच, आणि दहा मिनिटं बोलायला. पस्तीस मिनिटांच्या तासात ही दहाच नेहमी कापली जातात. त्यापेक्षा प्रयोग अर्धा सोडा. मेणबत्तीला मात्र जोड तासिकाच घ्या, पेले थंड व्हायला वेळ लागतो.

आणि गंजाच्या नळ्या शनिवारी लावू नका. सोमवारपर्यंत उथळ बशीतलं पाणी आटतं, नळीचं तोंड उघडं पडतं, बाहेरची हवा आत शिरते आणि चढलेलं पाणी खाली आलेलं असतं. सोमवारी किंवा मंगळवारी लावा, खोल भांड्यात.