दप्तराची सूची कोण लिहिणार?

महसूल खात्यातल्या नोकरीची शेवटची सहा वर्षं मी तहसीलच्या अभिलेख कक्षात काढली. "आता सगळं ऑनलाइन झालंय, जुन्या कागदांचं काय एवढं" असं हल्ली कुणीही म्हणतं. मला ते ऐकवत नाही, म्हणून लिहितोय.

एक आजी आल्या होत्या. वडील गेल्यावर जमीन भावांच्या नावावर लागली, तेव्हाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, त्यांना हवा होता. वारस म्हणून आपलं नाव लागलं होतं का, एवढंच बघायचं होतं. जुन्या सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर होता, म्हणजे काम अर्ध्या तासाचं. संगणकात त्या गावाचं रजिस्टर उघडलं तर एकही नाव जुळेना. गठ्ठे सोडून बघितले, तिथेही नाही. आजींनी एसटीने पाच चकरा मारल्या. शेवटी ते रजिस्टर शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात मिळालं आणि स्कॅनही त्याच गावाच्या नावाने झालेलं. एक बुद्रुक, एक खुर्द, तेवढाच फरक. आजींचं नाव होतं, पण मालकांच्या रांगेत नाही, 'इतर हक्क' या रकान्यात.

स्कॅन करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांची पानं मोजली जात होती. गाव, सन आणि नंबर ताडून सूची करणारा माणूस त्या कामात धरलेलाच नव्हता. माझ्या मते खरं काम तेच आहे, आणि पैसा व माणसं आधी तिथे लागली पाहिजेत. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ मध्ये अभिलेखांची वर्गवारी आणि सूची ठेवण्याचं बंधन २००५ पासून आहे.

२०२३ साली मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं, जमिनीची खासरा पत्रकं, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या धूळ झटकून बाहेर काढाव्या लागल्या. मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. नीट सूची असती तर रात्री जागवायची पाळी आली नसती.

नगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी ऐंशीच्या दशकात सहा गठ्ठे पद्धत आणली, म्हणजे टेबलावरचे कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावायची शिस्त. प्रकरण संपलं की कारकुनाने त्यावर अ, ब, क किंवा ड लिहायचं. अ कायम जपायचं, ब तीस वर्षं, ड वर्षभराने नष्ट करायचं. लिहायला एक अक्षर, पण ते टाळलं की सगळंच कपाटावर साचतं आणि ड-च्या रद्दीखाली अ-चा कागद गाडला जातो. मी चार्ज घेतला तेव्हा अक्षर न घातलेल्या फायलींनी दोन भिंती भरल्या होत्या. नवीन लागलेल्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते अक्षर त्याच दिवशी घाला.

आजींच्या त्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर मी लाल शाईने 'खुर्द' लिहिलं आणि ते योग्य गठ्ठ्यात बांधलं. संगणकातलं नाव बदलावं म्हणून तीन वेळा लेखी कळवलं. मी निवृत्त झालो त्या दिवशी तिथे बुद्रुकच होतं.