तीन भाग ॲम्पला, एक भाग स्पीकरला? हिशेब उलटा आहे

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या आर्वी तालुक्यात घरोघरी याद्या निघतात. शेजारच्या पोराच्या यादीत यंदा गाणी ऐकायची सिस्टिम आहे. त्यानं चाळीस हजार रुपये वेगळे काढले आणि फोनवर आलेला एक निरोप मला वाचून दाखवला. हाच निरोप याआधी मला तिघांनी पाठवलेला आहे, म्हणून उत्तर नीट लिहूनच देतो.

निरोप थोडक्यात असा: पैशाचे चार भाग करा, तीन ॲम्प्लिफायरला, एक स्पीकरला. ॲम्प दमदार असला की साधा स्पीकरही गातो. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट. कमी वॉटचा ॲम्प स्पीकर जाळतो. गावातल्या कमी व्होल्टेजवर मोठा ॲम्प हाच इलाज. आणि महागड्या केबलशिवाय बेस येत नाही.

पहिली गोष्ट वाटणीची, आणि सगळ्यात मोठी चूक तिथंच आहे. पैसा तिथं घालावा जिथं आवाज जास्त बिघडतो. ॲम्पचं काम सरळ आहे, आलेला बारीक सिग्नल तसाच मोठा करायचा. साधा पण नीट बनवलेला ट्रान्झिस्टर ॲम्प २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे ऐकू येणाऱ्या सगळ्यात खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत, अर्ध्या डेसिबलच्या (आवाजाच्या पातळीचं माप) आतबाहेर राहतो आणि त्याची विकृती, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये नसलेली भेसळ, ०.१ टक्क्याच्याही खाली असते. स्पीकरला मात्र वीज घेऊन कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन हलवायचा असतो आणि त्यातून हवा ढकलायची असते. तिथं अधिक-उणे ३ डेसिबलचा चढउतार चांगला समजतात, आणि खालच्या सुरांत विकृती एक-दोन टक्के किंवा त्याहून जास्त जाते. म्हणजे बिघाड स्पीकरमध्ये, अन्‌ औषध ॲम्पला.

हे कानानं तपासायचं असेल तर तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावा. त्यांच्या आश्रमाचं मोझरी आमच्यापासून लांब नाही, त्या भजनांवर आमच्या दोन पिढ्या वाढल्या. चामड्यावरची थाप आणि झांजांची किणकिण वेगवेगळी ऐकू आली पाहिजे. हलक्या स्पीकरवर दोन्ही मिळून एकच ‘छन्न’ होतं. ॲम्प कितीही बदला, ते तसंच राहतं. हे मी अनुभवानं सांगतो. २०११ साली कापसाला भाव चढला तेव्हा मी मोठा ॲम्प घेतला आणि स्पीकर जुनेच ठेवले. आवाज जास्त मोठा करता यायला लागला, एवढाच फरक पडला. पुढं दोन वर्षांनी स्पीकर बदलले तेव्हा हार्मोनियमवर फिरणारी बोटं पहिल्यांदा ऐकू आली.

मग दुकानात महाग ॲम्प लगेच चांगला का वाटतो? बहुतेक वेळा तो किंचित मोठ्या आवाजात वाजत असतो म्हणून. अर्धा-एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ असा कळत नाही, ‘भरदार’ असा कळतो. १९८७ च्या जानेवारीत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकानं स्वस्त रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या ॲम्पपर्यंत सहा यंत्रं आवाजाची पातळी जुळवून आणि नावं झाकून ऐकवली होती. ऐकणाऱ्यांना ती भरवशानं ओळखता आली नाहीत. तुम्हालाही हे करता येतं. वायरमनचा मल्टिमीटर मागून आणा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, दोन्ही ॲम्पवर स्पीकरच्या टर्मिनलचं व्होल्टेज सारखं करा, आणि बदलाबदली दुसऱ्याला करू द्या.

आता वॉट. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबल चढतो, बस्स. कानाला साधारण ‘दुप्पट’ वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी शक्ती दहापट हवी. ५० वॉटचा ॲम्प विकून १०० चा आणला तर व्हॉल्यूमचं बटन थोडं पुढं नेल्याइतका फरक मिळतो. त्याच्यासाठी पंधरा-वीस हजार मोजायचे?

आपल्याला लागतं किती, ते काढू. स्पीकरच्या पेटीवर ‘८८ डीबी, १ वॉट, १ मीटर’ असं लिहिलेलं असतं, ती त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल (डीबी) आवाज येतो ते. तुम्ही तीन मीटरवर बसता, तिथपर्यंत साडेनऊ डेसिबल गळतात. दोन स्पीकर आहेत, म्हणून ३ परत मिळतात. भिंतींकडून येणारी भर मी सोडून देतो. म्हणजे एकेका वॉटवर तुमच्या कानाशी साडेएक्याऐंशी डेसिबल. घरात ७८ डेसिबल म्हणजे बोलणं जरा उंच आवाजात करावं लागेल इतकं जोरात. त्याला अर्धा वॉटही पुरतो. तबल्याची थाप सरासरीपेक्षा १५ डेसिबल वर उडते असं धरलं तर त्या क्षणाला लागतात जवळपास १४ वॉट. ३० खरे वॉट असले तरी हातात दुपटीची शिल्लक राहते. याउलट ८३ डीबीचा स्पीकर घेतला तर त्याच थापेला ४५ वॉट लागतील. म्हणजे किती वॉट हवेत हे ॲम्प ठरवत नाही, स्पीकर ठरवतो. तो आधी घ्यायचा, ॲम्प त्याला बघून.

दोन ठिकाणी सावध राहा. डब्यावर ‘पीएमपीओ’ लिहिलेले हजारो वॉट, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, हिशेबात धरू नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारा आकडा विचारा. आणि ‘२.८३ व्होल्ट’ वर मोजलेली सेन्सिटिव्हिटी (८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यात १ वॉट जातो; ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) ४ ओहमच्या स्पीकरची असेल तर तिथं प्रत्यक्षात २ वॉट गेलेले असतात, त्यातून ३ डेसिबल वजा करा.

कमी वॉटचा ॲम्प स्पीकर जाळतो, यात थोडं खरं आहे आणि ते मी मान्य करतो. छोटा ॲम्प ताकदीबाहेर ताणला की लहरींचे शेंडे कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेली लहर त्याच व्होल्टेजच्या गोल लहरीपेक्षा दुप्पट शक्ती देते, शिवाय वरच्या सुरांचा मारा वाढतो आणि ते सूर वाजवणारा छोटा, नाजूक स्पीकर, म्हणजे ट्वीटर, तापून जातो. पण जाळतो तो ताण, वॉटचा आकडा नाही. लग्नाच्या मांडवात घरचा ॲम्प नेऊन शेवटपर्यंत बटन फिरवलं तर होईलच. ओसरीवर ऐकणाऱ्याच्या २५ वॉटनं काही जळत नाही. १५० वॉटचा ॲम्प ४० वॉटच्या स्पीकरवर पोरांच्या हाती दिला तर तोही तितक्याच सहज कोनामागची तारेची कॉइल जाळेल. आवाज फाटायला लागला की बटन मागं घ्या, एवढीच काळजी पुरते.

व्होल्टेजचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात आपल्या अडचणीचं नाव घेऊन चुकीची वस्तू गळ्यात मारली आहे. रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं, सगळ्या मोटारी एकदम चालल्या की घरात २३० चे १८० होतात, हे कोण नाकारतो? ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरतं आणि शक्ती त्याच्या वर्गानं, म्हणजे ६१ टक्क्यांवर येते. १०० चे ६१, ४० चे साडेचोवीस. नुकसान दोघांचं सारखंच, दोन डेसिबल. आणि आपल्याला लागत होते १४. मग मोठ्यानं काय वाचवलं? १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएसचा (मोबाइलच्या चार्जरसारख्या वीजपुरवठ्याचा) क्लास-डी जातीचा ॲम्प तर १८० वर कुरकुरतही नाही.

खरा धोका उलट दिशेनं येतो. डीपीवरचा न्यूट्रल (तिन्ही फेजची परतीची तार) तुटला की एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारी तीनशेच्या वर व्होल्टेज चढतं. तेव्हा टीव्ही, फ्रिज, ॲम्प सगळं एका मिनिटात जातं. त्याला इलाज जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारा स्टॅबिलायझर. मृगाआधी विजा कडाडायला लागल्या की प्लग भिंतीतून काढणं, बटन बंद करणं नव्हे. गुरगुर येत असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत होतो, पाणी घातलं की बरेचदा फरक पडतो. आणि लाइन गेल्यावर स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर ॲम्प घुमतो तो दोष ॲम्पचा नाही.

केबलवर जास्त लिहीत नाही. घराच्या फिटिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन ०.१२ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरवर डेसिबलचा आठवा हिस्सा नुकसान. फक्त टोक खरवडून आतून पांढरी निघत नाही ना ते बघा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम बाजारात भरपूर आहे.

निरोपात खोलीचा एक शब्दही नाही. आमच्याकडच्या खोल्या बारा बाय पंधरा, भिंतीला सिमेंटचा गिलावा, वर टिन. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, झणझण ऐकू येते ना? तीच झणझण प्रत्येक गाण्यावर चढते. बारा फुटांच्या दोन भिंतींत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, त्यात कोपऱ्यात स्पीकर ठेवला की टिनही थरथरतं. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं ओढायला पैसे लागत नाहीत. कापूस तर आपल्याच घरचा. सैल पिंजलेल्या, जाड गाद्या बाजूच्या भिंतींना उभ्या लावल्या की वरचे आणि मधले सूर लगेच निवळतात. खालचा घुमारा त्यानं जात नाही, तो जागा बदलूनच कमी करावा लागतो. शिवाय उन्हाळ्यात कूलर सुरू असतो. माझ्या फोनवर त्याचा आवाज साठ डेसिबलच्या आसपास दिसतो. त्याच्यासमोर महाग ॲम्पची शांतता कोणाला ऐकू येणार?

मोठ्या ॲम्पची गरज कधीच नसते असं मी म्हणत नाही. स्पीकर ८३-८४ डीबीचा आणि ४ ओहमचा असेल, खोली हॉलसारखी असेल, किंवा जुन्या ॲम्पचे कपॅसिटर (आतले वीज साठवणारे भाग) थकून तो सतत गुरगुरत असेल, तर जरूर बदला. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत बंद कपाटात कोंबलेल्या ॲम्पचे कपॅसिटर लवकर जातात, दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्याला वरून मोकळी जागा द्या.

पोराला चाळीस हजारांची वाटणी मी अशी करून दिली: चोवीस हजार स्पीकरला, नऊ हजार ३०-४० वॉटच्या वापरलेल्या ॲम्पला, चार हजार स्टॅबिलायझर आणि वायरला, तीन हजार स्टँड आणि गाद्यांना. स्टँड गावातला वेल्डर करतो, पायपात रेती भरून. त्याच्या घरी सगळे खाली गादीवर बसून ऐकतात, म्हणून ट्वीटर जमिनीपासून अडीच फुटांवर येईल अशी उंची सांगितली. वापरलेले स्पीकर मिळाले तर कोनाच्या कडेचा फोम बोटानं दाबून बघायचा, आपल्या उन्हात तो भुगा होतो, रबराची कड असेल तर बरं.

रविवारी तो नागपूरला बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जातोय. सोबत खंजिरीचं भजन पेन ड्राइव्हवर घेतलंय, आणि माझा मल्टिमीटर.