तलाठ्याचं दप्तर म्हणे!

उत्तर देणारच नव्हते, पण त्या कमेंटखाली लोक "सहमत" लिहीत सुटलेत म्हणून देते. सी. जे. सॅन्समची 'डिझोल्युशन' ही ऐतिहासिक रहस्यकादंबरी मला आवडली असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं: "ताई, आधी रहस्यकथा वाचायला शिका. अर्धं पुस्तक मठाच्या हिशेबात जातं, ही कादंबरी आहे की तलाठ्याचं दप्तर?" वर परत, हा कसला रेनेसाँसचा, म्हणजे प्रबोधनाचा काळ, नुसता इंग्लंडातला चिखल आणि बर्फ, आणि खुनी म्हणे तुम्ही अर्ध्यातच ओळखला.

आधी ते "ताई". ताई म्हणायचं आणि लगेच टपली मारायची ही कुठली पद्धत? पुस्तक नाही आवडलं तर नाही म्हणा ना सरळ, मी काय सॅन्समची एजंट आहे? समोर बसून असं बोलला असतात का?

बर्फ जरा जास्तच पडतो, हे मान्य. सारखं कोणीतरी बूट झटकत आत येतं.

पण हिशेब? अहो, हिशेब काढून टाका, गोष्टच उरत नाही! १५३५ मध्ये इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या माणसांनी देशभरातल्या चर्चचं उत्पन्न लिहून काढलं, १५३६ मध्ये कायदा झाला की वर्षाला २०० पौंडांच्या आतले मठ बंद, आणि मोठे मठ त्या कायद्यात बसत नव्हते म्हणून त्यांच्याकडून "स्वखुशीने" सोडतो असं लिहून घ्यायला राजाचा मंत्री क्रॉमवेल याचे कमिशनर दारात. कादंबरी १५३७ मधली, म्हणजे ऐन त्याच धामधुमीतली. तलवारीने उडवलेलं मुंडकं आणि वेदीवर कापलेला काळा कोंबडा तेवढा तुमच्या लक्षात राहिला, पण कमिशनर असल्या मठात येतो ते काय बघायला? वह्याच ना?

मी उभी नोकरी बँकेच्या इन्स्पेक्शनमध्ये काढलीय. शाखेत पाय ठेवला की आधी चहा, मग बटाटेवडे, मग मॅनेजरच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम, आणि मागितलेलं लेजर तेवढं "बाइंडिंगला गेलंय". असंच एक बाइंडिंगला गेलेलं लेजर मला संध्याकाळी शिपायाच्या सायकलच्या कॅरिअरवर दिसलं होतं, वर भाजीची पिशवी. त्यामुळे कादंबरीतला तो कमिशनर, कुबड असलेला वकील शार्डलेक, घोड्यावरून अवघडून उतरतो आणि मठाचा खजिनदार त्याच्याशी अडखळत बोलायला लागतो तेव्हा मला कंटाळा येत नाही, धडधडतं. तुम्ही कधी कोणाचं लेजर मागितलंय? नाही ना? मग झालं. सॅन्सम स्वतः वकिली केलेला माणूस, वर इतिहासातली पीएच.डी., त्याला कागद कळत होते.

रेनेसाँस म्हणजे फक्त इटलीतलं फ्लॉरेन्स हे तुमच्यापाशीच ठेवा. त्याच १५३७ मध्ये चित्रकार होल्बाइन लंडनला व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवर हेन्रीला रंगवत होता.

आणि खुनी ओळखलाच असेल तर मला मेल करा, इथे नको, बाकीच्यांचं वाचायचं राहिलंय. मेलमध्ये एकच नाव असेल तर मात्र पुस्तक परत उघडा.